थीम पार्क, मामाचे गाव आणि मामी

नागपूरच्या गांधीबागेत सुट्टीचा हिशेब शाळेच्या वेळापत्रकाने होत नाही, तो लग्नसराईने होतो. हा ठोक कापडबाजाराचा भाग. एप्रिल-मे महिन्यांत मुलांच्या शाळा बंद असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बस्त्याचे गिऱ्हाईक इतवारी-गांधीबागेत उतरते. त्या वेळी गादीवरून उठणे म्हणजे वर्षाच्या कमाईवरून उठणे. म्हणून इथल्या कुटुंबांची सहल बहुधा भाऊबीज आटोपल्यावर निघते. तीन रात्री, चार दिवस. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या चार दिवसांचा मुक्काम मात्र बदलला. पूर्वी पचमढी, चिखलदरा किंवा एखादे तीर्थक्षेत्र असे. आता हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी असते, नाहीतर २०१३ साली सुरू झालेले खोपोलीचे इमॅजिका. राहणे, जेवणे, पाळणे, फोटो हे सारे एकाच पॅकेजात. आणि परतल्यावर शेजारचा दुकानदार विचारतो, ‘पैसे वसूल झाले का?’

या प्रश्नाचे उत्तर सहसा ‘ठीक होते’ असे येते. वाईट नव्हते, पण जितके वाटले होते तितके नव्हते. हा ‘ठीक’ मला कुतूहलाचा वाटतो. कारण ज्या गोष्टी तिकिटावर छापलेल्या होत्या त्या सर्व मिळालेल्या असतात. रोलर कोस्टर चालू होता, खोलीत वातानुकूलन होते, नाश्त्याला अकरा पदार्थ होते. मग उणे काय पडले?

आपल्या वर्गांत या विषयाला एक तयार उत्तर असते. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना उत्तर-आधुनिकता शिकवताना आपण बोद्रियार आणि उंबेर्तो एको यांच्याकडे वळतो. १९८१च्या पुस्तकात बोद्रियारने डिस्नेलँडविषयी मांडलेला मुद्दा सर्वपरिचित आहे : त्या जागेला उघडपणे काल्पनिक ठरवले की भोवतालचा उरलेला देश खरा आहे असे मानणे सोपे जाते. एकोने अमेरिकेतल्या मेणाच्या पुतळ्यांतून आणि नकली राजवाड्यांतून फिरत अतिवास्तवाची चिकित्सा केली. या मांडणीच्या प्रकाशात असे म्हणता येईल, की नकली लंडन, नकली मुघल बाग आणि नकली रेल्वे स्थानक पाहून माणूस शेवटी रिताच परततो.

मला हे उत्तर गांधीबागेपुरते तरी पटत नाही. ज्या माणसाचा जन्म आर्ट सिल्क आणि अस्सल रेशीम बोटांच्या चिमटीत ओळखण्यात गेला, त्याला नकलीचे काय कौतुक आणि काय दुःख? त्याच्या दुकानात दोन्ही माल असतात, दोन्हींना गिऱ्हाईक असते, आणि आर्ट सिल्कची साडी नेसणारी बाई फसवली गेलेली नसते. रामोजीच्या विमानतळावर विमान नाही हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. किंबहुना ते पाहायलाच माणसे जातात. आपल्याकडे मारबतीची मिरवणूक याच गल्ल्यांतून जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघतात, बडगे निघतात. सगळे कागद, बांबू आणि रंग. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात. त्या पुतळ्याच्या कागदीपणाने कुणाचा हिरमोड झाल्याचे ऐकिवात नाही. खोटेपणा हा अपेक्षाभंगाचा उगम नव्हे. तो दुसरीकडे शोधला पाहिजे.

थीम पार्क या कल्पनेच्या जन्मकथेत त्याचा एक धागा सापडतो. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जात असे. मुली घोड्यांच्या चक्रावर बसत, आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसे. आईबाप आणि मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा हवी, हे त्याला त्या बाकावर सुचले, असे त्यानेच पुढे सांगितले. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. पहिल्याच दिवशी खोट्या तिकिटांवर हजारो माणसे आत शिरली, ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या आणि नळजोडणी कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. म्हणजे अपेक्षाभंगाची परंपराही तितकीच जुनी. पण मला महत्त्वाचा वाटतो तो बाक. सत्तर वर्षे झाली, जगभर शेकडो पार्क उभे राहिले, आणि बाप अजून बाकावरच आहे. मुलांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइल सांभाळत. आजी-आजोबा त्याच्या शेजारी. त्यांना पाळण्यात बसवत नाही आणि रांगेत उभे राहवत नाही. बापाने पॅकेज घेतले तेव्हा त्याने मनाशी पाळणे विकत घेतले नव्हते. वर्षभर दुकानापायी न मिळालेला मुलांचा सहवास त्याला हवा होता. तो पॅकेजात नव्हता, आणि पॅकेज विकणाऱ्याने तो देतो असे शब्दांत म्हटलेही नव्हते. जाहिरातीतल्या चित्रात मात्र सगळे कुटुंब एकाच डब्यात हात उंचावून हसत होते.

याला जोडून एक आपल्या धंद्यातली गोष्ट. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन लिहायला दिले, की पार्कच्या सहलीवरचे निबंध ओळखू येतात. सकाळी निघालो, अमुक पाहिले, तमुक राइडमध्ये बसलो, खूप मजा आली. वीस वह्यांत वीस वेळा तेच. याउलट कोंढाळीजवळ बस बंद पडली आणि ढाब्यावर रात्र काढली, असे लिहिणाऱ्या पोराची भाषा एकदम जागी होते. ढाबेवाल्याने खाट दिली, आई रात्रभर पर्स उशाशी धरून बसली, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते मथुरेच्या यज्ञातली दक्षिणा मिळवण्यासाठी. वाटेत १८५७ उभे राहिले. जमवलेले द्रव्य लुटले गेले, जीव वाचवत ते घरी परतले, आणि ‘माझा प्रवास’ हे १९०७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मराठी गद्याला मिळाले. यज्ञ ठरल्याप्रमाणे पार पडून दक्षिणा मिळाली असती, तर गोडसे भटजींनी लेखणी हाती धरली असती का, याची शंकाच आहे. पार्कमध्ये ठरलेले तेच आणि ठरल्या वेळी घडते. त्यासाठीच तर पैसे मोजलेले असतात. त्यामुळे सांगण्याजोगे काही उरत नाही, आणि ‘ठीक होते’ या उत्तरातली पोकळी मला पुष्कळशी या न उरण्याची वाटते.

इथवर आल्यावर मराठी लेखक हमखास एका दिशेला वळतो : मामाच्या गावाकडे. अंगण, विहीर, आंबे, रात्री गच्चीवरची अंथरुणे. आपल्या ललित गद्याने मे महिन्याच्या सुट्टीवर जितका जीव लावला आहे तितका क्वचितच कशावर लावला असेल. थीम पार्कच्या विरोधात हा पुरावा दरवेळी सादर होतो, आणि तो ऐकताना मान डोलावीशीही वाटते. माझी अडचण वेगळी आहे. या सगळ्या लेखनाचा निवेदक दहा वर्षांचा मुलगा असतो. त्याला आंबा दिसतो. आमरस कुणी पिळला ते दिसत नाही.

विदर्भातला मे महिना आठवून पाहावा. पंचेचाळीस अंश तापमान, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि घरातल्या बायांसाठी वर्षातला सर्वांत कष्टाचा काळ. गहू तीन दिवस भिजवून काढलेला चीक पहाटे चार वाजता चुलीवर शिजत असतो, कारण उन्हे चढण्याआधी कुरड्या खाटेवर पडल्या पाहिजेत. त्यामागून पापड, शेवया, सरगुंडे, सांडगे, तिखट कुटणे, लोणचे. या सगळ्यात तीन नणंदा आणि त्यांची आठ मुले महिनाभर मुक्कामाला. मुलांनी चिकाची वाटी हातात घेऊन पळ काढला, हे आपल्या ललित लेखांत आले आहे. भल्या पहाटे तो घाटणारा हात क्वचित आला. गदिमांच्या आगगाडीच्या बालगीतातही ती येते ती मामाची बायको म्हणून; तिची ओळख होते ती रंगावरून आणि हाताच्या चवीवरून. बालगीताकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल. पण प्रौढांसाठी लिहिलेल्या गद्यानेही पुढे फारसे पाऊल टाकले नाही, हे आपण समीक्षक म्हणवणाऱ्यांनी नोंदवायला हवे होते. सुट्टी ही मामीची कधीच नव्हती.

तेव्हा अपेक्षा पुऱ्या झाल्या का, हा प्रश्न मुळात अपुरा आहे. कुणाच्या अपेक्षा? लहान मुलांचे विचाराल तर त्यांना पार्कचाही आग्रह नसतो; हॉटेलचा तरणतलाव आणि टॉवेलाची हंसासारखी घडी यांवर त्यांचा पहिला दिवस सहज निघतो. किशोरवयीनांना फोटो मिळतात. बाप बाकावर असतो हे वर आलेच. उरली ती घरची बाई. गांधीबागेतल्या एकत्र कुटुंबातली सून सकाळी सहाला दुधापासून सुरू होते आणि रात्री अकराला ओटा पुसून थांबते. दुकानात डबा जातो तोही दोन वेळा. या बाईला चार दिवस, दिवसातून तीन वेळा, कुणी दुसऱ्याने शिजवलेले अन्न ताटात मिळते. आज काय करू, हा प्रश्न तिला चार दिवस कुणाला विचारावा लागत नाही. पोळी गार आहे अशी तक्रार करणारा नवरा इथे तक्रार वेटरकडे करतो! १९८९ साली गोराईला सुरू झालेल्या एस्सेल वर्ल्डची एक जाहिरात त्या काळात दूरदर्शनवर फार गाजली. घरी परतायचेच नाही, असा हट्ट तिच्यात गायलेला होता. तो हट्ट मुलांच्या तोंडी घातला होता. माझ्या मते तो तिच्या तोंडी अधिक शोभला असता.

तिला कुणी विचारत नाही, म्हणून ‘ठीक होते’ हे उत्तर साऱ्या कुटुंबाचे समजले जाते. विचारले तरी ती पाळण्यांविषयी काही बोलणार नाही. ‘जेवण चांगले होते’ एवढेच म्हणेल, आणि ऐकणारा ते वरवरचे समजून पुढे जाईल. मला मात्र साऱ्या सहलीवरचा तो सर्वांत नेमका अभिप्राय वाटतो.

अर्थात तिची सुटका फुकट झालेली नसते. तिने टाकलेले काम कुणीतरी उचललेले असते. खोलीची चादर बदलणारी बाई जवळच्याच गावची असते आणि तिच्या घरचा स्वयंपाक तिची वाट पाहत असतो. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या बाजारगावाविषयी पी. साईनाथ यांनी २००५ साली ‘द हिंदू’मध्ये लिहिले होते : तिथल्या पार्कमध्ये अठरा प्रकारच्या पाणघसरगुंड्या आणि खेळ, शिवाय बर्फाचा घुमट; आणि खुद्द गावात पिण्याच्या पाण्यासाठी दिवस मोजावे लागतात. त्या गावात दुरून पाणी वाहून आणणाऱ्या बाईला सुट्टीच्या या हिशेबात कुठे बसवायचे, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मामीचे कष्ट मान्य केले म्हणून रिसॉर्ट निर्दोष ठरते असे माझे म्हणणे नाही. मामाच्या गावाचा दाखला देऊन रिसॉर्टला नावे ठेवणे सोपे आहे, एवढेच मला खटकते.

विदर्भात या दोहोंच्या मधली एक जागा आहे, आणि पार्कची चर्चा करताना ती वगळणे बरे नव्हे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानने नव्या शतकाच्या आरंभी ‘आनंद सागर’ उभे केले : तळे, तळ्यातल्या बेटावर ध्यानकेंद्र, झाडे, मुलांसाठी झुकझुकगाडी. थीम पार्कचे बहुतेक सारे घटक त्यात होते. नागपूरची असंख्य कुटुंबे गाडीने शेगावला उतरत, भक्तनिवासात राहत, दर्शन घेत आणि संध्याकाळी आनंद सागरला जात. पुढे काही वर्षे ते बंद राहिले आणि २०२३ साली त्याचा काही भाग पुन्हा खुला झाला. तिथून परतलेल्या माणसाच्या तोंडी पैसे वसूल झाल्याची भाषा मी तरी ऐकलेली नाही. एक तर पैसे फारसे लागलेले नसतात. शिवाय यायचे कारण दर्शन होते आणि ते झालेले असते, बाग वरकड. सगळ्या वर्षाचा सहवास त्या एका संध्याकाळीच मिळाला पाहिजे, असे ओझे तिच्यावर कुणी टाकलेले नसते. आजोबांना पाळण्यात बसता आले नाही म्हणून ते बाहेरचे ठरत नाहीत; दर्शनाच्या रांगेत तेच पुढे असतात. आणि महाप्रसादाला सेवेकरी वाढायला येतो तेव्हा घरची बाई नवऱ्याच्या आधीही जेवून घेते.

खोपोलीला किंवा हैदराबादला हे आणता येईल का? मला शंका आहे. नवस व्यापारी तत्त्वावर चालवता येत नाही, आणि आणू नये हेच बरे. पण सहल ठरवताना बाकावर बसणाऱ्याने आपल्याला पाळणा हवा आहे की मुलाशी तासभर बोलणे हवे आहे, हे आधी ठरवायला काही खर्च येत नाही. बोलणे गांधीबागेच्या बागेतही होते, दुकान वाढवल्यावर. आणि ज्या घरात चार दिवसांचे पॅकेज केवळ स्वयंपाकघर बंद राहावे म्हणून हवे असते, तिथे ते तसे उघड म्हणावे. मग रोलर कोस्टर चालू आहे की दुरुस्तीसाठी बंद, याने फारसा फरक पडणार नाही.

सहलीहून गाडी बहुधा पहाटे नागपूर स्थानकात लागते. दहाच्या सुमारास नवरा गादीवर असतो, मुले झोपलेली असतात. चार दिवसांचे कपडे भिजत घातलेले असतात, आणि दुपारी दुकानात डबा जायचा असतो.