काळ सोकावतो

बरेच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा, मग आळस. (तिसरं कारण खरं.)

आजचा विषय थोडा लांबचा आहे. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला का झुगारलं? इतिहास शिकवण्यात माझी उभी हयात गेली आणि हा धडा मी निदान पंचवीस वेळा तरी शिकवला असेल. आज प्रामाणिकपणे सांगतो, तो मी चुकीचा शिकवला.

त्याचं असं झालं. २०१८ साली धाकट्या लेकीकडे गेलो होतो, तेव्हा ती आम्हाला बोस्टन बंदरातल्या चहाच्या जहाजांच्या संग्रहालयात घेऊन गेली. तिथे जुन्या जहाजांच्या प्रतिकृती आहेत, आणि येणाऱ्या माणसाला चहाची खोटी पेटी पाण्यात फेकायला मिळते. पेटीला दोर बांधलेला असतो. फेकायची, ओढून वर घ्यायची, की पुढचा फेकतो! नातवाने तीनदा फेकली आणि मग मला विचारलं, "आजोबा, टॅक्स किती होता?"

मी म्हणालो, "खूप होता."

घरी येऊन पुस्तकं काढली. (जावयाकडे इतिहासाची बरी पुस्तकं आहेत, वाचत मात्र कुणी नाही. जावईबापू हा ब्लॉग वाचतात, त्यांनी राग मानू नये.) कर होता एक पौंड वजनाच्या चहामागे ३ पेन्स. एवढंच नाही, १७७३च्या चहाच्या कायद्याने बोस्टनमधला चहा महाग झालाच नाही, उलट स्वस्त होणार होता! ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती, गोदामात चहा पडून होता. तो थेट अमेरिकेत विकायची मुभा पार्लमेंटने कंपनीला दिली आणि इंग्लंडमधली जकात परत केली. चोरून येणाऱ्या डच चहापेक्षाही कंपनीचा चहा स्वस्त पडला असता. तरी १६ डिसेंबर १७७३च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या लोकांनी पाण्यात लोटल्या.

आता तस्करीवर पैसा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता हे खरं, आणि ते गप्प बसणारे नव्हते हेही खरं. पण एवढ्यावर गावंच्या गावं पेटत नाहीत. आपल्याकडे म्हण आहे ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. माझ्या मते सगळी अमेरिकन क्रांती या एका म्हणीत आहे. मी मात्र ती वर्गात कधी वापरली नाही. मी सांगत राहिलो, "इंग्लंडने जबर कर लादले, जनता पिचून गेली." जनता पिचली वगैरे नव्हती. त्या काळी इंग्लंडमधला माणूस बोस्टनमधल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता.

इंग्लंडची बाजूही ऐकली पाहिजे. १७६३ला सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा त्यांचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं. त्या युद्धात फ्रेंचांचा धोका टळला तो वसाहतींचाच, मग खर्चातला थोडा वाटा त्यांनी उचलावा, यात गैर काय? म्हणून १७६५ला स्टँप ॲक्ट आला. वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या जोडावरही मुद्रांक. ओरड झाली, आमचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटात नाही आणि कर कसला? इंग्लंडने उत्तर दिलं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचाही सभासद नाही, ते कुठे ओरडतात? (मँचेस्टरवाल्यांनी ओरडायला हवं होतं हे उत्तर कुणाला सुचलं नसावं. पुढे त्यांनीही ओरडा केलाच.)

स्टँप ॲक्ट १७६६ला मागे घेतला गेला, आणि इथे खरी मेख आहे. त्याच दिवशी दुसरा कायदा झाला. त्याचा आशय असा की कर सोडला तो आमच्या मर्जीने, पण वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदा करायचा अधिकार आमचाच. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने दार बंद केलं. १७७०ला पुन्हा तसंच. बाकीच्या मालावरचे कर उठवले, चहावरचा तेवढा ठेवला. कशासाठी? हक्क जिवंत राहावा म्हणून! उत्पन्नासाठी नव्हे.

आणि त्या पैशाचं काय करणार होते हे पाहिलं की राग समजतो. तोवर बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजाकडून येई, पण त्याचा पगार स्थानिक विधानसभा मंजूर करी. म्हणजे साहेब कितीही मोठा असला तरी पगाराच्या वेळी त्याला लोकांकडे पाहावं लागे. १७६७च्या करांतून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार परस्पर देण्याची सोय केली होती. लोकांच्या हातातली एकुलती एक दोरी कापण्याचा हा प्रकार. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे सांगायला नको, पगार कोणाच्या सहीने निघतो यावर सगळं ठरतं!

चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून १७७४ला बोस्टन बंदर बंद केलं. ते एक वेळ समजू. पण त्याबरोबर मॅसेच्युसेट्सच्या गावसभांवर बंधन आलं, गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकच सभा. ज्या गावांनी रस्ता, शाळा, पाद्री, गुरांचं कुरण सगळं शंभर-सव्वाशे वर्षं स्वतः बसून ठरवलं, त्यांना सांगितलं की आता जमायचं नाही. मला वाटतं बोस्टनबाहेरचा साधा शेतकरी पेटला तो इथे. त्याला चहाशी काय देणंघेणं?

यात राजा कुठे आला? गंमत म्हणजे फार उशिरा आला. दहा वर्षं भांडण चाललं ते पार्लमेंटशी. राजा तिसरा जॉर्ज चांगला आहे, भोवतालचे मंत्री वाईट आहेत, अशीच लोकांची समजूत होती. (हीही आपल्या ओळखीची.) स्टँप ॲक्ट गेल्याच्या आनंदात न्यूयॉर्ककरांनी राजाचा घोड्यावरचा शिशाचा पुतळा करवून घेतला आणि १७७०ला उभारला, वर सोन्याचा मुलामा. एप्रिल १७७५ला लेक्झिंग्टनला गोळीबार होऊन माणसं मेल्यानंतरसुद्धा, जुलैत काँग्रेसने राजाला नम्र विनंतीअर्ज पाठवला, महाराज तुम्ही मध्ये पडा म्हणून. मध्ये तीन हजार मैलांचा समुद्र, पत्र पोचायला महिना-दीड महिना, कधी जास्त. अर्ज लंडनला पोचला, राजाने तो स्वीकारलाच नाही. त्याआधीच, २३ ऑगस्टला, त्याने वसाहतींना बंडखोर ठरवून जाहीरनामा काढला होता. पावसाने झोडपलं आणि राजाने मारलं तर दाद कोणाकडे मागायची? ज्याने आयुष्यात अमेरिका पाहिली नाही, त्याने अर्जही उघडून पाहिला नाही, हे लोकांच्या मनाला फार लागलं असलं पाहिजे. जानेवारी १७७६ला टॉमस पेनचं 'कॉमन सेन्स' निघालं. राजा वाईट आहे एवढंच न म्हणता, जन्माने राजा होणं हेच मुळात खुळचट आहे असं त्याने साध्या भाषेत सांगितलं. ते घरोघर गेलं. जुलैतल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तक्रारींची लांबलचक यादी आहे, आणि ती सगळी 'त्याने' हे केलं, 'त्याने' ते केलं अशी, राजाच्या नावाने! ९ जुलैला न्यूयॉर्कचा पुतळा ओढून पाडला आणि शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या पाडल्या, ४२ हजारांवर. पुतळा उभा राहिल्याला सहाच वर्षं झाली होती.

आपला संबंध विचाराल तर तो आहे. चहा चीनचा होता, पण विकणारी कंपनी तीच, जिने बंगाल पिळला होता. १७७३ला पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने लोकांना इशारा दिला तो हाच, की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, आता ती आपल्याकडे वळली आहे. आणि यॉर्कटाउनला १७८१ला शरण आलेला कॉर्नवॉलिस पाचच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला.

पण या मंडळींना देवत्व द्यायला मी तयार नाही. त्या वेळी वसाहतींत पाचातला एक माणूस गुलाम होता. सर्व माणसं समान आहेत असं लिहिणारा जेफर्सन स्वतः गुलाम बाळगून होता. १७६३ला राजाने अ‍ॅपलॅचियन डोंगरापलीकडची जमीन मूळ रहिवाशांसाठी राखली, हीसुद्धा यांची एक तक्रारच होती! लांबच्या धन्याची सत्ता यांना बोचली, आपण दुसऱ्याचे धनी आहोत हे बोचलं नाही. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेन वाचला, पण १८७३ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, १७७६वाल्यांना नव्हे. जोतीरावांना फरक बरोबर कळला होता.

आता मूळ गोष्ट. १९८४च्या सुमारास नववीच्या सहामाहीत 'कारणे लिहा'मध्ये एका मुलाने लिहिलं होतं, "कर थोडा होता पण विचारले नव्हते म्हणून." एवढं एकच वाक्य. मी त्यावर लाल रेघ मारली, बाजूला 'पुस्तक वाचा' असं लिहिलं आणि चारपैकी एक गुण दिला. तो पेपर घेऊन टेबलाशी आला होता. मी म्हणालो, "जागेवर बस." तो बसला.

मुलाचा चेहरा आठवतो, खिडकीकडची तिसरी रांग आठवते, नाव काही केल्या आठवत नाही. त्या वर्गातली चार-पाच मुलं (आता त्यांचीही पन्नाशी उलटली!) हा ब्लॉग वाचतात. त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षात असेल तर मला जरूर कळवा.