वॉरंटी परदेशातली, वस्तू तुमच्या घरात

परवाच्या शनिवारी आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात कराडकडचा एक मुलगा आला. लग्नाचे फोटो काढतो. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली लेन्स काढून त्याने टेबलावर ठेवली आणि शेजारी एक छापील कागद उलगडून ठेवला. कागदावर ठळक अक्षरांत दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय वॉरंटीचं आश्वासन होतं. लेन्स घेऊन आठ महिने झाले होते आणि ऐन लग्नसराईत फोकसची मोटर बंद पडली होती. हाँगकाँगच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवल्यामुळे त्याचे 11 हजार रुपये वाचले होते.

तो आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जाऊन आला होता. काउंटरवरच्या मुलीने सिरियल नंबर टाकला आणि सांगितलं, ‘‘दादा, ही लेन्स आपल्या इथल्या कंपनीने आणलेली नाही. दुरुस्त करून देऊ, पण पैसे भरावे लागतील.’’ मग त्याने विक्रेत्याला मेल केली. उत्तर अगदी नम्र आलं. लेन्स हाँगकाँगला पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, आमच्या तंत्रज्ञाला दोष मान्य झाला तर दुरुस्ती मोफत.

‘‘ताई, ही फसवणूकच ना?’’ त्याने विचारलं. मला लगेच हो म्हणता येईना. कागदावर जे लिहिलंय ते द्यायला तो माणूस तयार होता. ते घ्यायला मात्र या मुलाला समुद्रापार जावं लागत होतं.

ही गोष्ट खरेदीच्या वेळी आपल्या लक्षात येत नाही, म्हणून कळकळीने सांगते. वॉरंटी कोण देतंय हे आधी वाचा. कंपनी देते ती वेगळी आणि विक्रेता स्वतःची म्हणून देतो ती वेगळी. कंपनीची असली तरी कित्येकदा ती ज्या देशात माल विकला त्या देशापुरतीच असते. कॅमेऱ्याच्या बाजारात अशा मालाला ‘ग्रे’ म्हणतात. माल अस्सल असतो, फक्त इथल्या अधिकृत वाटेने आलेला नसतो.

परत पाठवण्याचा खर्च म्हणजे नुसतं कुरिअर नव्हे. लेन्स पहिल्यांदा आली तेव्हा या मुलाने कस्टम भरलं होतं. दुरुस्त होऊन येईल तेव्हा ही तीच लेन्स आहे हे दाखवायला, जाताना केलेले निर्यातीचे कागद सिरियल नंबरासकट हवेत. ते नसले तर नवी वस्तू आली असं धरून पुन्हा पूर्ण कर लागू शकतो. बॅटरीच्या वस्तूंचं तर आणखी अवघड. बिघडलेली, फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने न्यायला मनाई आहे. मग ‘परत पाठवा, बदलून देऊ’ या शब्दांचा उपयोग काय?

कायदा आपल्या बाजूने नाही असं मात्र समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे आणि त्याखालचे ई-कॉमर्स नियम 2020 चे. परदेशातली कंपनी भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकत असेल, तर तिलाही हे नियम लागू होतात. तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. अडतं ते पुढे. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी वसुली कुठून करणार? विक्रेत्याचं भारतात ऑफिस नाही, गोदाम नाही, बँकेत खातं नाही. म्हणून वस्तू भारतात नोंदलेल्या संकेतस्थळावरून घेतली असेल तर त्या संकेतस्थळाला सोडू नका. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निवारायची असते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

विक्रेता थेट परदेशातला असेल तर तुमच्या हातात खरं बळ एकच, क्रेडिट कार्ड. सदोष माल आला तर बँकेमार्फत तो व्यवहार अमान्य करून पैसे परत मागता येतात. पण व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत त्याची मुदत साधारण 120 दिवसांची असते. वॉरंटी दोन वर्षांची आणि हे बळ चार महिन्यांचं. त्या मुलाला हे ठाऊक असतं तरी आठव्या महिन्यात उपयोग नव्हता. तेव्हा वस्तू आल्याबरोबर कपाटात ठेवू नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि पहिल्या महिन्यात ती रोज, कसून वापरा. पैसे थेट कुणाच्या बँक खात्यावर पाठवू नका, सवलत कितीही देऊ देत.

अमेरिकेतला भाऊ किंवा भाची येताना मिक्सर, कॉफी मशीन घेऊन येते, त्यालाही हेच लागू. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. मागच्या पट्टीवर 100 ते 240 लिहिलेलं नसेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका. चुकीच्या विजेने जळालेल्या यंत्राला कुठलीच वॉरंटी वाचवत नाही.

परदेशातून काही घेऊच नये असं मी म्हणत नाही. पुस्तकं, केबल, गिटारच्या तारा, इथे न मिळणारा एखादा सुटा भाग खुशाल मागवा. महाग यंत्र घेताना मात्र वॉरंटी नाहीच असं धरून हिशेब करा. एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च किंमतीत मिळवा, आणि तरीही परवडत असेल तर घ्या. त्या मुलाने शेवटी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातल्या एका कारागिराकडून मोटर बदलून घेतली. 9 हजार गेले, शिवाय दोन लग्नांना लेन्स भाड्याने आणावी लागली.

घेण्याआधी गावाजवळच्या सर्व्हिस सेंटरला एक फोन करा. मॉडेल सांगा, कुठून घेताय ते सांगा आणि विचारा, ‘बिघडली तर वॉरंटीत घ्याल का?’ उत्तर लेखी मागा, साधी मेल चालते. आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे वस्तू बंद पडल्यावर येतात. तुम्ही पैसे भरण्याआधी या. त्या वॉरंटीच्या अटी मोबाइलवर उघडून आणा, आपण बसून ओळ न् ओळ वाचू.