ओळख ठरवणारे तुम्ही कोण?

शपथ घेतली त्याच दिवशी, 20 जानेवारी 2025 रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेत लिंगे दोनच असा आदेश काढला आणि पंधरवडा उलटायच्या आत सरकारी कर्मचाऱ्यांना ई-मेलच्या सहीखालची 'ही', 'शी', 'दे' ही सर्वनामे पुसायला लावली. बरे झाले, ही थेरे संपली, असे म्हणणारे नागपुरातही कमी नाहीत. त्यांनी ध्यानात घ्यावे, हा देश ट्रम्प यांच्या आदेशावर चालत नाही. आपले लिंग आपण ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे 'नालसा'च्या, खटल्यात मान्य केला. 2019च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्यानेही तो चौथ्या कलमात नोंदवला. मग वाद कसला?

वाद सरकारी दवाखान्याच्या खिडकीपाशी आहे. साडी नेसलेली, जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र हाती असलेली व्यक्ती केसपेपरसाठी उभी राहते आणि आतला बाबू जुने, पुरुषी नाव मुद्दाम मोठ्याने पुकारतो, 'काय रे, काय पाहिजे?' मागची रांग खिदळते. पुढच्या वेळी ती ताप अंगावर काढते, पण दवाखान्याची पायरी चढत नाही. एका 'रे'ने उपचार तुटतो. याला कोणी फॅशन म्हणू नये.

व्याकरणाचे रडगाणेही नको. इंग्रजीत एका माणसाला 'दे' म्हणणे चौदाव्या शतकापासूनचे आहे. आपण तर एकट्या गुरुजींना 'ते आले' म्हणतच मोठे झालो. मान द्यायचा म्हटले की एकवचनाचे अनेकवचन होते, तेव्हा भाषा बुडत नाही.

याच नागपुरात 2018 मध्ये तृतीयपंथी विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनलवर बसल्या. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीच्या महिला प्रभागातला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढू दिले आणि गावाने निवडून दिले. गावाला कळले ते साहेबाला कळले नव्हते.

मुळात माणसाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसायची सरकारी अर्जांची खोड जुनीच. कुमारी की सौभाग्यवती, हे बाईलाच विचारायचे. पुरुषाला कधीच नाही. पण महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव आलेच ना? सरकारने मनावर घेतले, रकाना बदलला. तसाच निर्णय इथेही हवा: अर्जदार सांगेल तेच संबोधन, आणि मुद्दाम दुसरी हाक मारणाऱ्याच्या सेवापुस्तकात नोंद. त्यासाठी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची वाट पाहायची गरज नाही. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांनी परिपत्रक काढून उद्यापासून नागपुरात सुरुवात करावी.