घोकंपट्टीला आम्ही वाचन म्हणतो

आमच्या मोहल्ल्यातला कोणताही जलसा घ्या. वक्ता उभा राहतो आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगतो की, पैगंबरांवर उतरलेला पहिला शब्दच 'इक्रा' होता, म्हणजे 'वाच'. श्रोते सुबहानल्लाह म्हणतात, माना डोलावतात आणि घरी जातात. त्या घरात पोरांच्या पाठ्यपुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक औषधालाही सापडत नाही. कुरआन शरीफ असते. पण ते जुजदानात गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर. मग पोराला वाचता येत नाही म्हणून आम्ही मास्तरांना, मोबाइलला आणि शेवटी सरकारला शिव्या देतो. ते दोषी असतीलही. आमच्या घराचे काय?

आमच्या पोराचा दिवस एकदा नीट पाहा. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम 3 टक्के मुले मदरशात शिकतात, असे सच्चर समितीने 2006 साली सांगितले. बाकीची बहुतेक शाळेत जातात आणि शाळेच्या आधी किंवा नंतर मक्तबमध्ये बसतात. तिथे हातात कायदा. अलिफ, बे, मग जबर, जेर, पेश. हर्फ घशातून निघाला की टाळूतून, यावर उस्तादांचा कान. तिथे शुद्ध उच्चार हाच हेतू आहे. अर्थ त्या वयात कुणी मागत नाही. या पठणाचा अदब आम्हीही राखतो.

घोटाळा पुढे होतो. तेच पोर तासाभराने शाळेत बालभारतीचे पुस्तक उघडते आणि तीच रीत तिथे लावते. पुढेमागे झुलत, एका सुरात, धडा धडाधड म्हणून टाकते. घरी अम्मी ऐकते, न अडखळता वाचतोय म्हणून खूश होते. अब्बा तर जोडाक्षर चुकले की कान धरतात. पण या धड्यातली म्हातारी रडली कशाने, हे घरात कुणीही विचारत नाही. विचारले तर पोर गप्प. त्या अक्षरांच्या आत एक म्हातारी बसली आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते! एका प्रकारच्या वाचनाचे माप आम्ही दुसऱ्या वाचनाला लावले आणि वर म्हणतो, पोराचे डोके चालत नाही.

हा रोग एकट्या आमचा नाही, हे मान्य. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी निघाली 23.4 टक्के. चारातल्या तिघांना तो जमत नाही. मात्र ही पाहणी शाळेत होत नाही, घरोघर जाऊन होते. निकाल शाळेच्या नावावर छापला जातो, परीक्षा उंबऱ्यावर होते.

यावर आमच्या घरांतले ठरलेले उत्तर : "मेरेकू मराठी नै आती, मैं क्या पढाऊँ?" सोलापूरला 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आम्ही मराठी आमचीच म्हणून व्यासपीठावरून सांगत आलो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, हेही प्रत्येक भाषणात येते. भाषणात शेख महंमद आणि घरात गाइड, असा आमचा संसार आहे.

आणि मराठी न येणाऱ्या अम्मीची अडचण नाहीच मुळी. उलट ती सोय आहे. पोराने मराठीत गोष्ट वाचावी आणि अम्मीने म्हणावे, "अब मेरेकू बोल, फिर क्या हुआ?" दखनीत सांगायची तर आधी ती त्याला कळली पाहिजे. घोकलेले असेल तर पहिल्याच वाक्याला पितळ उघडे पडते. कोकणातल्या घरात कोकणीत सांगावे. पोर 'पाणी'ला 'पानी' म्हणाले म्हणून वाचन थांबवू नये. त्या 'ण'वरून वर्गात हसणारे पुष्कळ आहेत, त्यांत घरच्यांनी भर कशाला घालायची? दर शब्दाला टोकले की पोर पुस्तकाकडे नाही, आपल्या तोंडाकडे पाहायला लागते. आणि एकच गोष्ट दहादा मागितली तर दहादा वाचू द्यावी.

पैसे नाहीत म्हणता? शिकवणीला आहेत, इंग्रजी शाळेच्या टायबूटला आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर 2015 पासून मराठी गोष्टी फुकट आहेत, आणि ज्याला आपण शिव्या देतो तो मोबाइल घरात आहेच. 15 ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जन्मदिवशी, 2015 पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो, पोराला शेरवानी घालून भाषण पाठ करायला लावतो. पुन्हा पाठच!

मगरीब ते इशा या वेळेत वीस मिनिटे टीव्ही बंद ठेवायला कोणत्याही मौलवीची हरकत नसावी. अब्बांनी जवळ बसावे, नुसते ऐकावे. मक्तबमधून आलेल्या पोराने पढलेल्याचा मतलब विचारला तर "बडे होगे तब समझोगे" म्हणून उडवून लावू नये. कुरआनची मराठी भाषांतरे मिळतात, त्यांतून दाखवावा.

आणि एक राहिले. बहुतेक घरांत खरी वाचणारी कुणी असेल तर ती थोरली आपा. धाकट्यांना गोष्ट वाचून दाखवायची ती, अडलेला शब्द सांगायची ती, आणि पुस्तक हातात दिसले की रोट्या लाटायला हाक मारायची तिलाच. सातवीनंतर तर ती वाचनालयाच्या दारातही दिसत नाही. तिथे पेपर चाळायला आम्ही बापे बसलेलो असतो. निदान त्या वीस मिनिटांत तरी तिला चुलीकडून हाक येऊ नये.