डबल सीट बसवून घेताना

मैत्रिणींनो, आमच्या घरी जुनी बुलेट आली ती एका सीटची. पुढे स्प्रिंगांची गादी, मागे लोखंडी कॅरिअर. "त्यावर सतरंजीची घडी टाकू, झालं!" असे आमचे हे म्हणाले. मीही वेडी, बसले की! आठवड्यातून तीन दिवस शेजारच्या गावच्या शाळेत शिकवायला जायचे असते. एकदा येताना माजलगाव धरणाजवळ पदर चाकात गेला. गाडी हळू होती, म्हणून पदरावरच निभावले. घरी मुलगी तो फाटका पदर हातात धरून नुसती बघत राहिली. त्याच संध्याकाळी मी सांगून टाकले, "सीट बसेपर्यंत मी एस.टी.नेच जाईन."

सीट बसली. त्यात जे कळले ते सांगते.

आधी गाडीच्या नोंदणी पुस्तकात आसनक्षमता दोन आहे ना, ते पाहावे. नसल्यास आर.टी.ओ. कचेरीत विचारल्याशिवाय बदल करू नये.

सीट त्याच मॉडेलची घ्यावी. तारेने बांधून किंवा लाकडाचे ठोकळे लावून बसवू देऊ नये. पुढची अडकण पक्की बसली का, मागचे बोल्ट आवळले का, हे मिस्त्रीसमोरच हलवून पाहावे. मग दोघांनी बसून गाडी दाबावी. सीट खाली कुठे टेकता कामा नये.

नुसती गादी पुरत नाही. 1989 च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या माणसाला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला पायदान आणि मागचे निदान अर्धे चाक झाकणारी जाळी हवीच. ही जाळी म्हणजेच आपले साडीगार्ड. मिस्त्री म्हणाला, "ताई, ते कशाला?" मी फाटका पदर दाखवला.

दोघे बसणार असाल तर मागच्या चाकात हवा कंपनीने सांगितलेल्या मापाने वाढवावी. पदर कमरेला खोचावा. हेल्मेट दोघांनाही हवे. आणि 1988 च्या कायद्याने मागे एकच माणूस चालतो. मधे मूल, मागे आई ही आपली नेहमीची वरात त्यात बसत नाही. आम्ही सगळे निघालो की आता एस.टी.च.

त्या साडीच्या धड राहिलेल्या कापडाचा मुलीला परकर शिवला. तो घालून ती बाबांच्या मागे बसायला धावली, तेव्हा आधी परकराचा घेर आवरून दिला आणि मगच "जा" म्हटले.