शिक्षकांची पाठदुखी : वय नव्हे, काम कारणीभूत

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत शिक्षक-शिक्षिका आहेत. मान आखडली, खांदा वर होत नाही, कंबर धरली, ही वाक्ये त्या घरांना नवी नाहीत. 'आता वय झाले' असे म्हणून मलम चोळले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्ग गाठला जातो. या दुखण्याचे मूळ वयापेक्षा कामात शोधले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आपल्या विदर्भात, वाशीम जिल्ह्यात, शिरपूर जैन हे गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे ते सर्वदूर ज्ञात आहे. अशा गावातील शिक्षकाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. तासामागून तास उभे राहून शिकवणे, खांद्याच्या वर हात नेऊन फळ्यावर लिहिणे, सतरंजीवर बसलेल्या बालकाच्या वहीपर्यंत वाकणे आणि उरल्या वेळात मान खाली घालून वह्यांचा गठ्ठा तपासणे. यातील एकही क्रिया अवजड नाही. परंतु त्याच क्रिया वर्षानुवर्षे, पुरेशा विश्रांतीवाचून घडल्या की स्नायू व सांधे तक्रार करू लागतात. शिक्षिकांना तर घरी परतल्यावर ओट्यापुढे पुन्हा उभे राहावे लागते.

हे ज्ञान आजचे नाही. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात उभ्याने काम करणाऱ्यांच्या व्याधींचाही विचार आहे.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकासाठी पूर्वतयारीसह आठवड्याला किमान ४५ तास ठरवले. त्याच परिशिष्टात वर्गखोली, मैदान, ग्रंथालय, पिण्याचे पाणी यांचा उल्लेख आहे. शिक्षकाच्या आसनाचा नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. शिक्षक मात्र वर्गात बसलेला दिसला की आपणच त्याला कामचुकार ठरवतो. हा पूर्वग्रह प्रथम सोडला पाहिजे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पाठीला आधार देणारी खुर्ची, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर फळा, दोन तासिकांमध्ये थोडी उसंत आणि वह्या तपासण्यास योग्य उंचीचे टेबल, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. पायाला बधिरता वा अशक्तपणा जाणवल्यास मात्र मलमावर न विसंबता डॉक्टरांकडे जावे.

शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढील बैठकीत मुलांच्या प्रगतीबरोबर त्यांच्या गुरुजींच्या आणि बाईंच्या खुर्चीविषयीही एक प्रश्न विचारावा, अशी वाचकांना आमची विनंती आहे. वेदनेने त्रस्त झालेला शिक्षक शिकवतो खरा, परंतु त्याचे अर्धे लक्ष पाठीकडे असते. आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.