सर्वांत जवळचे दार



आमच्या लहानपणी ईदच्या चार-पाच दिवस आधी अम्मी मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायची. आमचे घर तेव्हा अंधेरी पश्चिमेला, गिल्बर्ट हिलजवळच्या बैठ्या चाळीत होते. पाव भाजून झाले की भट्टीची उरलेली धग नानखटाईसाठी मोकळी व्हायची. मोहल्ल्यातल्या बायका तिथेच पीठ मळायच्या, काळ्या पत्र्यांवर गोळे मांडायच्या आणि पत्रे बदलू नयेत म्हणून कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायच्या. दिवाळीच्या आधीही अशीच रांग लागायची, फक्त रांगेतल्या बायका वेगळ्या असायच्या. घरी येईपर्यंत डबा गरम असायचा, पण त्याला हात लावायची सोय नव्हती. अम्मीचे ठरलेले वाक्य होते, "आधी शेजारी, मग आपण."

आता ती चाळ नाही. तिच्या जागी उंच इमारत उभी आहे आणि आम्ही तिच्या नवव्या मजल्यावर राहतो. बेकरीची भट्टीही थंड झाली. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितले. हवेचा विचार केला तर ते योग्यच होते. आमच्या वर्गातली कितीतरी मुले दरवर्षी थंडीत खोकत असतात. पण आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांना नवी भट्टी परवडली नाही. आता ते दुसरीकडचा पाव आणून विकतात. म्हणून नानखटाई घरीच करायची वेळ आली. कृती पुढे देतच आहोत, पण त्याआधी जे घडले ते सांगायला हवे.

नव्या इमारतीतल्या पहिल्या ईदला आम्ही मुंब्र्याला खालाकडे, कुर्ल्याला मामूंकडे आणि भिवंडीला नणंदेकडे डबे पाठवले. आमच्या समोरच्या दारात एक मराठी काकू राहतात. त्यांना शीरखुर्म्याचा वाडगा दिला. त्यांनी हसून घेतला. तासाभराने आम्ही खाली उतरलो, तर वॉचमन तोच वाडगा घेऊन खुर्चीवर बसलेला. "नवव्या मजल्यावरच्या काकूंनी दिला," तो आनंदाने म्हणाला. त्याने खाल्ला याचे वाईट वाटले नाही, पण मन खट्टू झाले. घरात कोणाला सांगितले नाही. पुढचे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये काकू भेटल्या की आम्ही मोबाइलमध्ये पाहायचो.

मग दिवाळी आली आणि काकूंनीच बेल वाजवली. हातात चकली, शंकरपाळे आणि रव्याचे लाडू. आम्ही काही बोलायच्या आत म्हणाल्या, "टीचर, हे पूजेआधी बाजूला काढलंय हं. नैवेद्यातलं नाही. तुम्हाला चालत नाही ना ते, म्हणून."

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. आम्हाला काय चालते याचा विचार त्यांनी लाडू वळण्याआधी केला होता. आम्ही मात्र त्यांना काय चालते हे कधी विचारलेच नव्हते. त्या दिवशी चहा पिता पिता सगळे निघाले. त्यांच्या घरी सासूबाई आहेत, घर पूर्ण शाकाहारी. मटणाच्या भांड्यात केलेले काही त्या घेत नाहीत. खिरीत काय घातले आहे, कोणत्या पातेल्यात शिजवली आहे, हे विचारायचा काकूंना संकोच वाटला. "फेकवेना, म्हणून खाली दिलं," म्हणाल्या. आम्ही ज्याला अपमान समजून सहा-सात महिने मनात ठेवले होते, तो नुसता संकोच होता.

हजरत आयेशा (रजि.) यांनी एकदा प्रेषितांना (सल्ल.) विचारले होते की, आपले दोन शेजारी आहेत, भेट कोणाला पाठवावी? उत्तर मिळाले, ज्याचे दार तुमच्या सर्वांत जवळ आहे त्याला. सहीह बुखारीत ही हदीस आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा गेला का, असे त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले. म्हणजे शेजाऱ्याचा हक्क धर्म पाहून ठरत नाही. आम्ही मुंब्रा आणि भिवंडी गाठली, पण सहा पावलांवरचे दार आम्हाला नीट गाठता आले नव्हते.

पुढच्या ईदला आम्ही नानखटाई करायचे ठरवले. तिच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. सुरतेत डच लोकांची एक बेकरी होती. ते गेल्यावर ती दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थांकडे आली. पावाचे पीठ ताडीने फुगवले जाई, त्यात अंडेही असे. म्हणून गावातले बरेच लोक तो घेत नसत. हळूहळू ताडी गेली, अंडेही गेले आणि तुपाची खुसखुशीत नानखटाई उरली. म्हणजे आम्हाला चालेल आणि काकूंनाही चालेल, असा हा खाऊ.

आता कृती. एका घासाच्या साधारण 36 नानखटाया होतात.

साहित्य : मैदा 200 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, साजूक तूप 150 ग्रॅम, पिठीसाखर 125 ग्रॅम, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा वेलची पूड, चिमूटभर मीठ, वरून लावायला पिस्त्याचे काप.

तूप थिजलेले, मऊ असावे. वितळलेले नको, नाहीतर नानखटाई पसरून चपटी होते. तूप आणि पिठीसाखर हाताने पाच-सात मिनिटे फेसा. रंग पांढुरका झाला आणि मिश्रण हलके झाले की बाकीचे जिन्नस चाळून घाला. फार मळू नका, नुसते गोळा करा. पाणी किंवा दूध घालायचे नाही. कोरडे वाटले तर चमचाभर तूप घाला. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात गोळा सैल पडतो, म्हणून वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. मग सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळून, हलके दाबून, अंतर ठेवून मांडा. ओव्हन 170 अंशांवर आधी तापवून 14 ते 16 मिनिटे भाजा.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटे तापवा. मग थाळी ठेवून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे भाजा. गरम असताना नानखटाई मऊच लागते, कच्ची समजून जास्त भाजू नका. पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात भरा. दोन आठवडे चांगली राहते.

या कामासाठी आम्ही नवी परात आणि नवा ट्रे आणला, तो फक्त गोडासाठी. काकूंना आधीच सांगितले, "अंडं नाही, तूप साजूक, भांडी वेगळी." काकूंनी खाल्ली, त्यांच्या नातवाने तर दाराशीच चार संपवल्या. सासूबाईंनी मात्र खाल्ली नाही. त्यांचा तो जुना नियम आहे. पण त्यांनी आम्हाला आत बोलावून बसवले आणि ईद मुबारक म्हटले. आमचे जसे नियम आहेत, तसे त्यांचे. यंदा त्याचे वाईट वाटले नाही.

बहिणींनो, डबे भरण्याआधी एवढे कराच. शेजारणीला विचारा, काय चालते, काय नाही. कोणी जैन असेल तर डबा मगरिबनंतर नको, सकाळी द्या. त्यांच्यातले बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. घरात मधुमेहाचे कोणी असेल तर 'खजुराचे चालते' या समजात राहू नका, खजुरातही साखरच असते. त्यांच्यासाठी भाजलेले बदाम किंवा मखाणे वेगळे पाठवा. आणि खाऊ लहानच करा. घासभर असेल तर नको म्हणणाराही एक उचलतो, आणि एका किलोत साऱ्या मजल्याचे डबे भरतात.

परवा काकूंनी डबा परत केला, तो रिकामा नव्हता. आत गुळपापडी होती आणि वर चिठ्ठी : भांडी वेगळीच आहेत, टीचर!

दुआंमध्ये याद ठेवा.